सवयीची नोंद: अ‍ॅपमध्ये की भिंतीवरच्या कॅलेंडरवर?

चालणं असो, रियाज असो की रोज चार पानं वाचणं असो, नेम धरला की त्याची नोंद कुठे ठेवायची हा प्रश्न येतोच. मी दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत. दोन वर्षांपूर्वी रथसप्तमीला रोज बारा सूर्यनमस्कार घालायचे ठरवलं, तेव्हा फोनमध्ये एक अ‍ॅप घेतलं होतं. आता तीच नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असते.

अ‍ॅपचे उपकार मी विसरलेलो नाही. सुरुवातीचे दिवस त्यानेच निभावून नेले. सकाळी साडेसहाला आठवण यायची, सलग दिवसांचा आकडा वाढताना बघून हुरूप यायचा. एकदा रात्री प्रवासातून आलो, अंग मोडून आलं होतं, तरी तो आकडा तुटू नये म्हणून अकरा वाजता सतरंजी अंथरली. कॅलेंडर असं कुणाला उठवत नाही. शिवाय गावाला गेलात की ते घरीच राहतं. एकाच वेळी चार-पाच सवयी लावायच्या असतील तर कॅलेंडरच्या इवल्याशा चौकटीत, तिथी आणि संकष्टीच्या शेजारी, त्या मावतही नाहीत.

मग एप्रिलच्या मध्यावर ताप आला. तोवर सलग ७१ दिवस झाले होते. दोन दिवस अंथरुणात गेले. तिसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडलं, तर ७१ च्या जागी शून्य. ते शून्य मला फार लागलं. पुन्हा एकपासून मोजायचं म्हणजे ७१ ला पोचेपर्यंत जून संपणार, हाच हिशोब डोक्यात घोळत राहिला. ताप उतरला, अंगात बळ आलं, पण मन उभं राहीना. उद्यापासून करू, सोमवारपासून करू, असं म्हणता म्हणता पाच आठवडे गेले. खरं तर सूर्यनमस्कार विसरलो नव्हतो. श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, सगळं अंगात मुरलेलं होतं. तुटला होता फक्त आकडा, आणि त्याच्यामागून नेमही गेला.

मे महिन्याच्या शेवटी आई कालनिर्णयसमोर उभी राहून दुधाचा हिशोब करत होती. एकतीस दिवस, त्यातले तीन खाडे, उरले अठ्ठावीस. तीन दिवस दूध आलं नाही म्हणून बाकीचे अठ्ठावीस दिवस कुणी पुसून टाकत नाही. मला खाडा हा शब्द नव्याने कळल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी मी पेन्सिल घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून तारखेच्या कोपऱ्यात बारीक टिंब द्यायला लागलो.

पुढे वाचनात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१० साली छापून आलेला अभ्यास आला. त्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक कृती ठरावीक प्रसंगाला जोडून करायला सांगितली होती, उदाहरणार्थ नाश्ता झाल्यावर. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला अंदाजे २५४ दिवस लागतील असं दिसलं; मध्य ६६ दिवसांचा. २१ दिवसांत सवय लागते, असं आपण जे ऐकत आलो ते इतकं सोपं नाही. मला त्याहून मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. माझ्या अ‍ॅपमध्ये मात्र सगळा फरक त्याच एका दिवसाने पडत होता.

कॅलेंडर आठवण देत नाही, त्यावर मी एक तोड काढली. ते टांगलं आहे ओट्याच्या वर. चहाचं आधण ठेवायच्या आधी आजच्या तारखेला टिंब आहे का ते बघायचं. नसेल तर आधी बारा नमस्कार, मग चहा. सकाळी सकाळी फोन हातात घ्यावा लागत नाही हाही एक फायदा. टिंब द्यायला फोन उघडला की निरोप वाचण्यातच दहा मिनिटं जायची. घरातल्यांनाही नोंद दिसते. दोन दिवस टिंब नसलं की आई विचारते, "बरं नाही का रे?"

फिरतीची नोकरी असेल, रात्रपाळी असेल, वसतिगृहात राहत असाल, तर अ‍ॅपच सोयीचं पडेल, तिथे मी आग्रह धरणार नाही. काही अ‍ॅपमध्ये सुट्टीचा दिवस धरता येतो म्हणे. घेण्याआधी एवढं जरूर पाहा, की सलग दिवसांऐवजी महिन्यातले एकूण दिवस दिसतात का. आणि शून्य पाहून तुमचाही जीव माझ्यासारखाच बसत असेल, तर मला वाटतं, भिंतीवर आधीच असलेल्या कॅलेंडरपासून सुरुवात करावी. गेल्या महिन्यात माझे सहा खाडे झाले. त्यातले चार सलग होते, गावी लग्न होतं. पाचव्या दिवशी सकाळी परत आलो, नमस्कार घातले, टिंब दिलं आणि चहा ठेवला.