'अल्फाव्हिल' की 'टीएचएक्स ११३८'?

सरकारच्या नजरेतून निसटू पाहणाऱ्या माणसाची गोष्ट तुटपुंज्या पैशांत सांगायची, तर भविष्यकाळ आणायचा कुठून? फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६५ च्या 'अल्फाव्हिल' या चित्रपटासाठी सेटच उभारले नाहीत. तेव्हाचंच पॅरिस रात्री चित्रित केलं: काचेच्या इमारती, लांबच लांब कॉरिडॉर, दिव्यांचा झगमगाट. शहरावर हुकूम चालवणाऱ्या अल्फा ६० या संगणकाचा घरघरता आवाज अंगावर काटा आणतो. तिथल्या हॉटेलात बायबल म्हणून शब्दकोश ठेवतात आणि त्यातून एकेक शब्द गायब होत जातो. कल्पना विलक्षण आहे, पण नायक खूप बोलतो आणि मधला भाग रेंगाळतो.

जॉर्ज लुकासचा १९७१ चा 'टीएचएक्स ११३८' मला जास्त भिडला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या मेट्रोचे बोगदे अजून वापरात यायचे होते, तिथे पळापळीची दृश्यं घेतली. सगळ्यांची डोकी सफाचट, कपडे पांढरे. औषधाचं कपाट उघडावं, तर आतला कॅमेरा रोखून बघतो आणि आवाज येतो, "काय झालं?" इतक्या मायेने विचारलेला हा प्रश्न धमकीपेक्षा भयंकर वाटतो. शेवटी यंत्रपोलीस नायकाला धरणार, तोच पाठलाग थांबतो, कारण मोहिमेचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेलेला असतो!

एकच बघणार असाल तर हाच बघा. फक्त २००४ च्या आवृत्तीत संगणकावर केलेली दृश्यं घुसडली आहेत. जुनी प्रत मिळाली तर ती सोडू नका.