सायकलचं छोटं दुकान: विक्रीवर उभं करावं की दुरुस्तीवर?

स्वतंत्र, छोटं सायकल दुकान काढायचं म्हटलं की पहिला विचार जागेचा येतो. त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. दुकानाचा महिन्याचा खर्च नव्या सायकली विकून निघणार, की पाना चालवून? दोन्ही कामं एकाच छपराखाली होतात हे खरं. पण भांडवल कशात घालायचं, जागा कशी मांडायची आणि फटका कुठून बसू शकतो, हे सगळं या उत्तरावर ठरतं. एक-दोन माणसांचं दुकान आणि मोजकं भांडवल असेल तर आमचा कौल दुरुस्तीला आहे.

पैसा कुठे अडकतो

विक्रीच्या दुकानात पैसा मालात अडकतो. चारच मॉडेल ठेवली, प्रत्येकाचे तीन साइझ आणि दोन रंग घेतले, तरी २४ सायकली झाल्या. त्यातले मधले साइझ भराभर जातात, टोकाचे भिंतीला टेकून राहतात, आणि गिऱ्हाईक नेमका संपलेला साइझ मागतं. महिन्याला चार सायकली खपत असतील तर हा सहा महिन्यांचा माल आहे. तोवर नवं मॉडेल आलं की जुनं कमी भावात काढावं लागतं. २०२० मध्ये सायकलींना अचानक मागणी आली आणि जगभर माल मिळेना. दुकानांनी मोठाल्या ऑर्डरी नोंदवल्या, त्या हातात पडेपर्यंत मागणी ओसरली होती, आणि २०२२-२३ मध्ये तोच माल मोठ्या सवलतीत काढण्याची वेळ अनेकांवर आली.

त्यात सूट. १०० ला घेतलेली सायकल १३० ला विकली तर ३० सुटतात. हे खरेदीवर ३० टक्के असले तरी विक्रीच्या रकमेवर २३ टक्केच आहेत. गिऱ्हाइकाने घासाघीस करून दहा टक्के कमी करून घेतले की सायकल ११७ ला जाते आणि हातात १७ राहतात. सूट दहा टक्क्यांची, नफा मात्र ४३ टक्क्यांनी घटला. या १७ मधूनच जोडणीचे तास, पहिली मोफत सर्व्हिसिंग आणि दुकानाचं भाडं निघायचं आहे.

दुरुस्तीच्या दुकानात पैसा हत्यारांत जातो, पण एकदाच. दुरुस्तीचा स्टँड, चाकाचा आउट (फिरताना डोलणं) काढायचा स्टँड, १३ ते १८ मिलिमीटरचे पातळ कोन-पाने (कोन म्हणजे चाकाच्या मध्यातल्या छर्ऱ्यांवर बसणारा शंकूसारखा नट), १५ मिलिमीटरचा पायडल पाना, क्रँक (पायडलाचा दांडा) काढायचा पुलर, कॅसेट आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) काढायची हत्यारं, त्या चकत्या धरून ठेवायला चेन-व्हिप, बॉटम ब्रॅकेटचे (क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगचे) पाने, चेनची झीज मोजायला चेन चेकर, चांगला केबल कटर, ठरलेल्या जोरानेच आवळणारे लहान-मोठे दोन टॉर्क रेंच आणि कॉम्प्रेसर. केबल कटर स्वस्तातला घेऊ नका. तो तार कापत नाही, चिरडतो, आणि फिसकटलेली तार आउटरमध्ये (केबलच्या वेष्टनात) शिरत नाही. विक्रीचं दुकान काढलं म्हणून ही हत्यारं टळतात, असंही नाही. नवी सायकल जोडायला यातली बहुतेक लागतातच.

पेटीतून निघालेली सायकल

विक्रीचा खरा खर्च इथे दिसतो. पेटीतली सायकल जोडलेलीच आहे असं समजून हँडल, पायडल आणि पुढचं चाक लावून दिली, तर ती आठवड्याभरात परत येते. नीट जोडायला साध्या सायकलीला दीड तास आणि गिअर, डिस्क ब्रेकवालीला दोन तास धरा.

सुरुवात हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापासून करा. नव्या सायकलींचे कोन बऱ्याचदा जास्त आवळलेले असतात. चाक काढून ॲक्सल बोटांनी फिरवा. खरखर लागली किंवा अडखळत फिरला तर लॉकनट सैल करून कोन किंचित मागे घ्या. क्विक रिलीजचं (लिव्हरने आवळायचं) चाक असेल तर हातात धरल्यावर अगदी थोडी ढिलाई राहू द्या, लिव्हर दाबल्यावर ती जाते. आवळलेला कोन तसाच सोडला तर छर्रे त्याला खड्डे पाडतात, आणि खड्डे पडलेला कोन बदलण्यावाचून इलाज नसतो. मग चाकाचा आउट काढायचा आणि आऱ्यांच्या जोड्या हाताने दाबून ताण बसवायचा. ‘टिक टिक’ आवाज येतो तो पीळ पडलेल्या आऱ्या सरळ होण्याचा. त्यानंतर आउट पुन्हा पाहायचा.

डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. पहिले तीन-चार फेरे ग्रीस लावून बोटांनीच फिरवा, पाना नंतर, ३५ ते ४० न्यूटन मीटरपर्यंत. ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये पायडल तिरकं रेटलं तर आटे गेले म्हणून समजा, आणि तो क्रँक दुकानाच्या खिशातून जातो.

मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा) ‘एल’ स्क्रू, म्हणजे तो आऱ्यांकडे किती जाईल याची मर्यादा ठरवणारा स्क्रू, पाहिल्याशिवाय कुठलीही सायकल दाराबाहेर जाऊ देऊ नका. चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर घेऊन डिरेलर हाताने आत ढकला. तो आऱ्यांकडे जात असेल तर एखाद्या चढावर चालवणारा जोर लावेल तेव्हा डिरेलर चाकात ओढला जाईल. हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा), डिरेलर आणि आऱ्या एकदम जातात, माणूस पडतो तो वेगळाच.

पान्याचा तास कसा मोजायचा

दुरुस्तीची दुकानं मालाखाली दबत नाहीत, ती चुकीच्या दराने खचतात. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे दुकान २०८ तास उघडं. त्यातले हवा भरणं, चौकशा, फोन, सुटे भाग आणणं आणि झाडलोट काढली की प्रत्यक्ष पैसे मिळवून देणारे रोजचे पाच तास उरतात, महिन्याचे १३०. भाडं, वीज, ग्रीस, चिंध्या आणि स्वतःचा पगार धरून आलेला एकूण खर्च १३० ने भागायचा, २०८ ने नाही. २०८ ने भागून दर लावला तर सगळे १३० तास कामाने भरूनही खर्चाचा साडेसदतीस टक्के भाग वसूल होत नाही. दिवसभर मान वर करायला फुरसत नाही आणि महिनाअखेर गल्ल्यात काही नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते.

दुसरी गळती वाढत जाणाऱ्या कामातून होते. ‘गिअर नीट पडत नाहीत’ म्हणून सायकल येते. केबल बदलून भागेल असं वाटतं, पण चेन ताणलेली निघते. ११-१२ चकत्यांच्या कॅसेटवर ०.५ टक्के आणि १० किंवा कमी असतील तर ०.७५ टक्के ताण ही चेन बदलण्याची मर्यादा धरा. चेन त्यापुढे बरीच धावली असेल तर कॅसेटचे दातही झिजलेले असतात, आणि झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली की ती जोर लावताना उड्या मारते. म्हणून सायकल आत घेण्याआधी गिऱ्हाइकासमोर पाच मिनिटं तपासा: चेनला चेकर, चाकांना फिरवून आउट, क्रँक बाजूला हलवून बॉटम ब्रॅकेटची ढिलाई, पुढचा ब्रेक दाबून हँडलचा खडखडाट, ब्रेक शू, टायरच्या भिंती. सापडलेलं सगळं चिठ्ठीवर अंदाजी रकमेसह लिहा, आणि रक्कम वाढणार असेल तर आधी फोन करा. हे कंटाळवाणं वाटतं, पण भांडणं याच्याच अभावी होतात.

काही कामांना ठरलेला दर लावूच नका. पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटपोस्ट ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं बसली की गंजून एकजीव होते. ती दहा मिनिटांत सुटेल किंवा दोन तास खाईल. ‘तासाप्रमाणे, जास्तीत जास्त इतका वेळ, आणि फ्रेमला धोका आहे’ हे आधीच सांगून घ्या. बॉटम ब्रॅकेटची वाटी सुटत नसेल तर जोर लावण्याआधी तिच्यावरचे आकडे वाचा. १.३७ इंच आणि २४ आट्यांची नेहमीची इंग्लिश पद्धत असेल तर उजवी वाटी उलट्या आट्यांची असते आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. इटालियन असेल तर दोन्ही बाजूंचे आटे सरळ. हायड्रॉलिक ब्रेकच्या सिरिंजांचे दोन संच वेगळे ठेवा, एक मिनरल ऑइलचा, एक डॉट फ्लुइडचा. अदलाबदल झाली की सील फुगतात आणि अख्खा ब्रेक बदलून द्यावा लागतो.

ट्यूबचा कप्पा

दुरुस्तीच्या दुकानात मालाची चूक होते ती इथेच, कारण टायरवरचा इंचांचा आकडा फसवतो. २६ × १.७५ चा टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर २६ × १ ३/८ चा ५९० च्या. दोन्हींवर ‘२६’ लिहिलेलं असलं तरी एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चालत नाही. उलट ७०० सी आणि २९ इंच ही नावं वेगळी, रिम एकच, ६२२. साडेसत्तावीस म्हणजे ५८४. टायरच्या भिंतीवरचा मिलिमीटरचा आकडा बघूनच माल मागवा आणि कप्प्यांवरही तोच लिहा. वेगवेगळ्या मॉडेलांचे शोभेचे सुटे भाग भरण्यापेक्षा ट्यूब, केबल, ब्रेक शू आणि चेन कधीही न संपणं जास्त महत्त्वाचं आहे. छर्रेही तसेच: पुढच्या हबला बहुधा ३/१६ इंच, मागच्याला १/४.

कौल कधी बदलतो

तुम्हाला स्वतःला काम येत नसेल आणि सगळी भिस्त पगारी मेकॅनिकवर असेल, तर दुरुस्तीवर दुकान उभं करू नका. तो गेला त्या दिवशी दुकान बंद पडतं. अशा वेळी विक्रीकडे झुकणं समजण्यासारखं आहे, पण जोडणी स्वतः शिकल्याशिवाय तेही नको.

मोठी, दर्शनी जागा आधीच हातात असेल आणि पुरवठादार न खपलेला माल परत घेत असेल, तर विक्रीचा धोका बराच हलका होतो. हा करार तोंडी नको, लेखी हवा.

मधली वाट आम्हाला सगळ्यात पटते. वर्षभर दुरुस्ती, आणि विक्री फक्त मागणीवर: माप घेऊन, आगाऊ रक्कम घेऊन, सायकल मागवून. जोडीला जुन्या सायकली घेऊन ओव्हरहॉल करून विकता येतात. त्यात कष्ट तुमचेच असल्याने नफा पुरवठादाराच्या हातात राहत नाही. जुनी सायकल घेताना फ्रेमचा क्रमांक आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची नोंद ठेवा. क्रमांक घासलेला असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

जागेचा करार करण्याआधी दोन आठवडे हे करून पाहा. ओळखीच्यांच्या सायकलींवर पंक्चर, चाकाचा आउट, ब्रेकची केबल, हबचं ग्रीसिंग आणि पूर्ण ओव्हरहॉलिंग प्रत्येकी पाच वेळा करा, आणि हात धुण्यासकट लागलेला वेळ वहीत लिहा. त्या वेळांना तुमच्या १३० तासांच्या हिशेबातला दर लावा. आलेली रक्कम गिऱ्हाइकाला न चाचरता सांगता येत असेल तर स्टँड विकत घ्या. येत नसेल तर आणखी महिनाभर हात बसवा, जागा मग शोधा.