दगड ओळखायला घेतलेला चुंबक: काही महिने वापरून झाल्यावर

पेनाच्या आकाराचा दांडा, टोकाला निओडिमियमची चकती. विकणाऱ्याने वर्णनात ‘कुठलाही दगड ओळखा’ असं लिहिलं होतं, ते सोडून द्या. पावसाळ्यात घेतला, उन्हाळा आला तरी ट्रेकच्या पिशवीत आहे, म्हणजे वस्तू उपयोगी आहे. फक्त ओढीवरून दगडातली सिलिका (वाळू-गारगोटीचा मुख्य घटक) कळते असं म्हणतात, पण तो सिलिका मोजत नाही, एवढं आधी समजून घ्या.

नुसता दगडावर टेकवून फारसं कळत नाही. चकती सुटी करून दोऱ्याला टांगा आणि दगड हळूच जवळ न्या, मग बारीक ओढही दिसते. सह्याद्रीतला ताजा फुटलेला काळा कातळ तिला हमखास खेचतो. हा कातळ म्हणजे बेसाल्ट; त्यात सिलिका ४५ ते ५२ टक्के, लोहाची ऑक्साइडं दहा टक्क्यांच्या वर, आणि ओढ लागते ती त्यात विखुरलेल्या मॅग्नेटाइटच्या (चुंबकाला ओढणाऱ्या लोहखनिजाच्या) बारीक कणांमुळे. ग्रॅनाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास जाते, लोह घटतं, ओढही बहुधा घटते. त्यावरून ‘ओढ जास्त तर सिलिका कमी’ असं सर्रास सांगितलं जातं. ठोकताळा म्हणून चालेल. पण जपानचे भूवैज्ञानिक इशिहारा यांनी १९७७ मध्ये ग्रॅनाइटचे मॅग्नेटाइटवाले आणि इल्मेनाइटवाले (इल्मेनाइट म्हणजे लोह-टायटॅनियमचं खनिज) असे दोन गट केले. दोन्हींत सिलिका सारखी असू शकते, तरी ओढ दाखवतो तो पहिलाच.

ठोकताळा सपशेल आपटतो तो कोकणातल्या जांभ्यापाशी. पावसाने सिलिका धुऊन नेलेली, मागे लोह आणि अॅल्युमिनियम उरलेलं. चकती चिकटून बसायला हवी! माझ्याकडच्या बहुतेक तुकड्यांनी तिला जेमतेम हलवलं, कारण त्यातलं लोह गोएथाइट आणि हेमॅटाइट या चुंबकाला फारसं न ओढणाऱ्या खनिजांच्या रूपात आहे. लोह किती यापेक्षा ते कोणत्या खनिजात आहे, हे इथे कळतं. अशा वेळी बिनग्लेझच्या फरशीवर दगड घासून बघा: हेमॅटाइटची रेघ तांबडी, मॅग्नेटाइटची काळी.

गारगोटी जवळजवळ निव्वळ सिलिका, तिच्यापुढे चकती ढिम्म. बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या झिओलाइट या फिकट स्फटिकांपुढेही ढिम्मच, त्यामुळे या दोघींत फरक करायला चुंबक कुचकामी. त्यासाठी काचेचा तुकडा ठेवा. गारगोटी काचेवर ओरखडा काढते, स्टिल्बाइट (झिओलाइटचाच एक प्रकार) काढत नाही.

जाता जाता, चुंबक चिकटतो म्हणून काळा गोटा उल्का ठरवून विकणारे भेटतात. तो पुरावा दख्खनात रस्त्याच्या खडीतही मिळतो.

आता तक्रारी. निकेलचा मुलामा कडेने लवकरच उडाला. समुद्रकिनाऱ्यावरच्या काळ्या रेतीत दांडा उघडा घातलात तर कण निघता निघत नाहीत. आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, काम झालं की पिशवी उलटी करून ओढा, सगळी रेती आपोआप आत राहते. होकायंत्रापासून लांब ठेवा, आणि पेसमेकर असलेल्या माणसाच्या हातात देऊ नका. तापवूही नका, साधा निओडिमियम ८० अंश सेल्सिअसपुढे कायमचा कमजोर होऊ लागतो.

पुन्हा घ्यायचा झाला तर पेन घेणार नाही, भोक असलेली नुसती चकती घेईन. दोरा बांधायला तीच सोयीची.