फुकटच्या सहा युनिटांचे १,८०० डॉलर

एजंटने दिलेल्या पावतीवर तीन ओळी होत्या: प्रोसेसिंग ६०० डॉलर, सीट रिझर्व्हेशन ४५०, कॉलेज ट्यूशन ७५०. मुलगी अकरावीत, हवे होते कम्युनिटी कॉलेजचे, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचे, तीन-तीन युनिटांचे दोन कोर्स (युनिट म्हणजे कोर्सचं वजन मोजण्याचं माप). पावती कॅलिफोर्नियातल्या एका मराठी घरातली आहे आणि तिच्यातली एकही ओळ खरी नाही.

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांचा अर्ज ‘सीसीसी अप्लाय’वर भरतात, त्याला एक पैसा लागत नाही. सीट राखून ठेवण्याची फी नसतेच. नोंदणीची तारीख कॉलेज देतं आणि त्या दिवशी जागा असेल तर मिळते. राहिली ट्यूशन. राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे सहा युनिटांचे २७६. हायस्कूलमध्ये शिकता शिकता अर्धवेळ कोर्स घेणाऱ्या मुलांना बहुतेक कॉलेजं तेही माफ करतात. पुस्तकं, हेल्थ फी असा किरकोळ खर्च येऊ शकतो, तो थेट कॉलेजच्या पोर्टलवर भरायचा.

पैसे गेले ते गेलेच, पण खरं नुकसान ईमेलमुळे झालं. एजंटने खातं उघडताना मुलीचा ईमेल न देता स्वतःचा दिला. अर्जासोबत एक संमतीपत्र लागतं, त्यावर पालकांची आणि शाळेच्या प्रिन्सिपलची किंवा काउन्सिलरची मंजुरी हवी. ते पोहोचलं नाही म्हणून कॉलेजने कळवलं, ते एजंटच्या इनबॉक्समध्ये पडून राहिलं. फॉर्म नाही म्हणून नोंदणी अडली, तोवर वर्ग भरले. घरचे मात्र ‘ॲडमिशन कन्फर्म’ या व्हॉट्सॲप मेसेजवर निर्धास्त होते.

म्हणून पहिली पायरी शाळेच्या काउन्सिलरची. कोणते कोर्स घ्यायचे हे त्यांच्याशी बोलून ठरवा. मग खातं मुलाच्याच ईमेलवर उघडा, पासवर्ड घरातच ठेवा, सोशल सिक्युरिटी नंबर मध्यस्थाच्या हाती देऊ नका. संमतीपत्र पाठवल्यावर ते मिळालं का, हे कॉलेजच्या ‘ॲडमिशन्स अँड रेकॉर्ड्स’ला विचारा. फोन मुलालाच करू द्या, कारण कॉलेजात नाव घातलं की फर्पा या शैक्षणिक गोपनीयतेच्या कायद्याने रेकॉर्डचा हक्क त्याच्याकडे जातो, मग तो १५ वर्षांचा का असेना. कोणी या कोर्ससाठी फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरायला सांगितलं तर तिथेच थांबा. हायस्कूलमधल्या मुलांना फेडरल मदत सहसा मिळतच नाही. त्या फॉर्मच्या नावाखाली घरची सगळी माहिती मात्र गोळा होते.

फसवणुकीचा दुसरा प्रकार जास्त सफाईचा. ‘अमेरिकेत कुठेही चालणारं क्रेडिट’ (पूर्ण केलेल्या कोर्सचे युनिट) म्हणून ऑनलाइन कोर्स विकतात. असं क्रेडिट कोणी देऊ शकत नाही. घ्यायचं की नाही हे पुढचं विद्यापीठ ठरवतं. संस्थेला मान्यता आहे का ते अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या ‘डॅपिप’ यादीत बघा. पत्त्यात ‘डॉट ईडीयू’ असणं पुरेसं नाही, २००१ च्या आधी घेतलेले काही पत्ते मान्यता नसतानाही चालू आहेत. यूसी किंवा कॅल स्टेट या राज्याच्या सरकारी विद्यापीठांमध्ये कोणता कोर्स कशाच्या बदली धरतात ते ‘असिस्ट डॉट ऑर्ग’वर कोर्सच्या नंबरानिशी दिसतं. खासगी विद्यापीठांना थेट विचारा. हायस्कूल पूर्ण करण्यासाठी मोजलेला कोर्स त्यांतली बरीच पुन्हा मोजत नाहीत.

फसलाच असाल तर क्रेडिट कार्डाचं बिल पाठवलं गेल्यापासून ६० दिवसांच्या आत पोहोचेल असं बँकेला लेखी कळवा. झेलने, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात लगेच पैसे पाठवणाऱ्या सेवेने, दिलेले पैसे परत मिळणं फार कठीण, म्हणूनच हे लोक झेल मागतात. एफटीसी (ग्राहकांच्या तक्रारी घेणारी केंद्रीय संस्था) आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार करा. पण त्याआधी, त्याच दिवशी, पोर्टल उघडून एजंटने मुलाच्या नावावर कोणते कोर्स घातलेत ते तपासा आणि नको असलेले ड्रॉपच्या (कोर्समधून नाव काढण्याच्या) मुदतीत काढा. वर्गाला नुसतं न जाणं म्हणजे ड्रॉप नव्हे. तसं केलं तर एफ (नापास) लागू शकतो आणि तो कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, कायम राहतो.