रोजच्या वजनासाठी काटा निवडताना

माझ्या वडिलांना गेल्या वर्षी हृदयाच्या दुखण्यामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले आणि घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांच्या यादीखाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून दिली : रोज सकाळी वजन करावे, दोन-तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढल्यास लगेच कळवावे. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झाली की शरीरात पाणी साठू लागते आणि पायांवर सूज दिसण्याआधी, धाप लागण्याआधी ते पुष्कळदा वजनात दिसते, हे त्यांनी आम्हाला शांतपणे समजावून सांगितले. तोपर्यंत आमच्या घरात वजनकाटा नव्हता. त्यानंतरच्या आठ महिन्यांत एक काटा शेजाऱ्यांकडून आणून वापरून पाहिला आणि दोन विकत घेतले. या तिन्हींपैकी ज्याने आम्हाला फसवले त्याचे नाव मी येथे लिहीत नाही आणि जो आता वापरात आहे त्याचेही लिहीत नाही, कारण या वस्तूची मॉडेले सतत बदलत राहतात आणि एकाच नावाखाली आतून निराळा काटा मिळू शकतो. काटा पारखण्याची रीत मात्र बदलत नाही.

शेजाऱ्यांचा काटा जुन्या पद्धतीचा, स्प्रिंगचा आणि तबकडीचा होता. त्याला सेल लागत नाहीत, हा त्याचा खरा गुण. परंतु तबकडीवरील दोन रेघांमधले अंतर १ किलोचे, आणि वरून पाहणाऱ्याने मान थोडी तिरकी केली तरी सुई अर्धा किलो इकडची तिकडे भासते. शून्यावर आणण्याचे चाक रोज थोडे फिरवावे लागे. ज्यांना महिन्यातून एकदा साधारण अंदाज घ्यायचा आहे त्यांचे त्यावर भागेल. ज्यांना दोन दिवसांतील दीड किलोचा फरक ओळखायचा आहे त्यांचे भागणार नाही. तो आम्ही आठवडाभरात परत केला.

दुसरा काटा काचेचा, डिजिटल, दिसायला देखणा आणि स्वस्त म्हणून ऑनलाइन मागवला. पहिल्या पंधरा दिवसांत तो इतका स्थिर वाटला की आम्ही त्याचे कौतुकच करीत होतो : सोमवारी ६८.४, मंगळवारी ६८.४, बुधवारी ६८.४. एका आठवड्यात हाच आकडा तीन दिवस दिसला आणि चौथ्या दिवशी एकदम ६९.६ आला. त्या सकाळी बाबांच्या घोट्यांवर बोट दाबले तर खळगा पडत होता आणि तो भरून यायला वेळ लागत होता. डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवून दिली आणि सुदैवाने दोन दिवसांत पाणी उतरले. पण एका रात्रीत बाराशे ग्रॅम वाढले आणि त्याआधी तीन दिवस शंभर ग्रॅमही वाढले नाही, हे माझ्या मनाला पटेना.

त्या संध्याकाळी मी एक साधी चाचणी केली. रिकाम्या हाताने काट्यावर उभा राहिलो, आकडा टिपला, उतरलो आणि काटा आपोआप बंद होऊ दिला. मग स्वयंपाकघरातील लहान बाटलीत पाव लिटर पाणी भरून ती हातात घेऊन पुन्हा चढलो. आकडा तोच आला, दशांशापर्यंत तोच. त्यानंतर ५ किलो ज्वारीची पिशवी उचलून एकदा वजन केले, पिशवी खाली ठेवली आणि लगेच पाण्याची तीच बाटली घेऊन चढलो. या वेळी आकडा ३०० ग्रॅमने वाढलेला होता. म्हणजे काट्याला फरक कळत होता, पण नवे वजन मागच्या वजनाच्या जवळपास आले की तो मोजलेला आकडा बाजूला ठेवून लक्षात ठेवलेला जुनाच आकडा पुन्हा दाखवत होता. बाजारातील अनेक स्वस्त काट्यांत ही सोय हेतुपुरस्सर घातलेली असते, कारण लागोपाठ दोनदा चढल्यावर आकडा बदलला की ग्राहक काटा खराब आहे असे समजतो. ज्या घरात आजारी माणसाचे वजन रोज पाहायचे आहे तेथे ही सोय धोक्याची आहे, आणि वेष्टणावर तिचा उल्लेख कोठेही नव्हता. काटा कोणत्याही कंपनीचा असो, घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी, परत करण्याची मुदत शिल्लक असताना, ही बाटलीची चाचणी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरा काटा मी शहरातील वैद्यकीय उपकरणांच्या दुकानातून, समोर उभा राहून घेतला. दुकानदारांनी चार काटे खाली फरशीवर मांडून दिले आणि हवा तेवढा वेळ घ्या म्हणाले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. प्रत्येक काट्यावर मी दहा-दहा वेळा चढलो, प्रत्येक दोन वजनांच्या मध्ये खांद्यावरची पिशवी घेऊन एकदा चढून त्याची आठवण पुसत गेलो. दोन काट्यांचे आकडे ४०० ते ५०० ग्रॅमच्या पट्ट्यात हिंडत होते, एकाचे २०० च्या, आणि एकाने दहापैकी आठ वेळा एकच आकडा आणि दोन वेळा १०० ग्रॅमने जास्त दाखवला. तोच घेतला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण जाहिराती ती मुद्दाम धूसर ठेवतात. आकडा ५० ग्रॅमच्या टप्प्याने दिसतो याचा अर्थ मोजमाप ५० ग्रॅमपर्यंत बरोबर आहे असा होत नाही. तो केवळ पडद्यावरच्या आकड्याचा टप्पा आहे. डिजिटल काट्याच्या चार कोपऱ्यांतील पायांत धातूच्या लहान पट्ट्या असतात, वजनाने त्या केसभर वाकतात, त्यांवर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून आतील चिप वजन काढते. पट्ट्या आणि त्यांचे जोडकाम किती चांगले आहे यावर सारे अवलंबून असते. शिवाय खरे वजन दाखवणे वेगळे आणि रोज तेच वजन तसेच दाखवणे वेगळे. घरचा काटा दवाखान्यातल्या काट्यापेक्षा पाऊण किलो कमी दाखवत असेल तरी हरकत नाही, मात्र त्याने आजही पाऊण किलोच कमी दाखवावे आणि महिन्यानंतरही. आमच्या कामासाठी हे सातत्यच सर्वांत मोलाचे आहे.

तरीही काटा भलताच चुकत नाही ना, हे पाहण्यासाठी घरात वजने नसतात म्हणून अडून राहायचे कारण नाही. किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर मुद्रांकन होते. घरगुती काट्याची अशी तपासणी कोणी करीत नाही. म्हणून मी आमच्या वाण्याकडून ज्वारीच्या दोन पिशव्या, पिशवीच्या वजनासकट बरोबर पाच-पाच किलो तोलून आणल्या. आधी रिकाम्या हाताने, मग एक पिशवी घेऊन, मग दोन्ही घेऊन वजन केले. फरक ५.० आणि १०.१ आला. १०० ग्रॅमच्या टप्प्याच्या काट्यात एका आकड्याचा फरक क्षम्य आहे. ही परीक्षा मी दर दोन महिन्यांनी करतो.

काट्याइतकीच महत्त्वाची असते ती त्याच्याखालची जमीन. याला बाथरूमचा काटा म्हणण्याची पद्धत असली तरी आपल्याकडील न्हाणीघराची जमीन ओली असते आणि पाणी वाहून जावे म्हणून मोरीकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे काटा ठेवायला ती घरातील सर्वांत वाईट जागा होय. आमचे घर जुने, जमीन शहाबादी फरशीची, आणि फरश्यांच्या सांध्यांवर एकाच माणसाचे वजन ६०० ग्रॅमने बदलताना मी पाहिले आहे. चटई, गालिचा किंवा रबरी पायपुसण्यावर तर काटा ठेवूच नये. स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला दोन फुटी कडाप्पा घराच्या मागे पडून होता. तो बाबांच्या खोलीत पलंगाजवळ, खाली वाळू-सिमेंटचा पातळ थर देऊन बसवला आणि गवंड्याने पाणसळ ठेवून समपातळीत आणला. त्या दिवसापासून आकड्यांचे हेलकावे निम्म्याहून कमी झाले. काटा तेथून हलवत नाही. झाडण्यासाठी हलवलाच, तर पायाने एकदा दाबून पडद्यावर ०.० येऊ द्यायचे आणि तो बंद झाल्यावरच वजन करायचे, कारण जागा बदलल्यानंतरचे पहिले वजन विश्वासार्ह नसते.

दुकानात शरीरातील चरबी, स्नायू, पाणी, हाडे असे सारे मोबाइलवर दाखवणारे काटेही होते. बाबांच्या छातीत पेसमेकर आहे आणि हे काटे तळपायांतून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून शरीराचा रोध मोजतात, म्हणून पेसमेकर असलेल्यांनी ते वापरू नयेत अशी सूचना त्यांच्या पुस्तिकेतच असते. पुष्कळ घरांत मुले वडिलांना भेट म्हणून असा काटा आणतात आणि ती सूचना वाचली जात नाही, हे मला फार खटकते. ज्यांना पेसमेकर नाही त्यांनीही एवढे ध्यानात घ्यावे की प्रवाह एका पायाने वर जाऊन दुसऱ्या पायाने उतरतो, पोटाचा बराचसा भाग त्यातून सुटतो आणि उरलेले गणित वय, उंची व लिंग यांवरून केलेला अंदाज असतो. तळपाय कोरडे आहेत की ओले एवढ्यानेही तो आकडा बदलतो. वजन मात्र तेही त्याच चार पट्ट्यांवरच मोजतात. केवळ वजन पाहायचे असेल तर दुप्पट पैसे देण्याचे मला कारण दिसत नाही.

वयस्क माणसासाठी आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे : पृष्ठभाग रुंद आणि खरबरीत असावा. गुळगुळीत काचेवर ओला पाय सरकतो, आणि अरुंद काट्याच्या काठावर पाय पडला तर तो कलंडतो. बाबा सुरुवातीला तोल जाईल या भीतीने दाराच्या चौकटीला हात टेकवत, आणि तेवढ्या आधाराने आकडा ७०० ग्रॅमने घटे. हे आमच्या लक्षात यायला चार दिवस लागले. आता समोर जड खुर्ची ठेवलेली असते. चढताना तिचा आधार घेतात, मग हात सोडून सरळ उभे राहतात.

वजन रोज एकाच वेळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी आणि एकसारख्या कपड्यांत करावे. लिटरभर पाणी म्हणजे १ किलो, हे लक्षात ठेवले की दिवसभरातील चढउतारांचे नवल वाटत नाही. पापड-लोणच्याच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी निरोगी माणसाचेही वजन वर जाते, कारण मीठ पाणी धरून ठेवते. जे वजन उतरवण्यासाठी काटा घेत आहेत त्यांनी एकेका दिवसाच्या आकड्यावर खूश किंवा खिन्न न होता सात दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडून पाहावी. आमच्यासारख्यांनी मात्र रोजचाच आकडा पाहावा आणि डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावी.

सध्याच्या काट्याला तक्रारी अजिबात नाहीत असे नाही. आकडे मोठे आहेत, पण पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे पहाटे खोलीतला दिवा लावावा लागतो. स्थिर झालेला आकडा काही सेकंदांतच नाहीसा होतो. बाबांना खाली वाकून चष्म्यातून वाचेपर्यंत तो पुष्कळदा गेलेला असतो आणि त्यांना पुन्हा चढावे लागते. सेल साधे पेन्सिल सेल आहेत, गावात कोठेही मिळतात, आणि सहा महिन्यांत ते अजून बदलावे लागलेले नाहीत. काट्याला तेराशे रुपये पडले. बाबांच्या वहीत आज सकाळी ६७.९ लिहिले आहे, आणि पाव लिटर पाणी घेऊन मी चढलो तर तो आजही वाढलेले वजन दाखवतो.