जुन्या डीजीला इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर : द्राक्षांचा एक हंगाम वापरल्यावर

पिंपळगाव बसवंतजवळ आमचं छोटं प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेज आहे. १२५ केव्हीएचा जुना डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, मूळचा मेकॅनिकल गव्हर्नरचा. गव्हर्नर म्हणजे डिझेल कमी-जास्त करून इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग. या हंगामाआधी त्याला इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर बसवला. जानेवारी ते एप्रिल रगडून वापरून झाला, म्हणून आता लिहितोय.

मेकॅनिकल गव्हर्नर लोडवर स्पीड थोडा सोडतोच, त्याची घडणच तशी. रिकाम्या सेटला ५२ हर्ट्झ लावले की पूर्ण लोडवर ५० च्या आसपास यायचे, म्हणजे १५०० आरपीएम. इथवर ठीक. पण मोठा कॉम्प्रेसर स्टार-डेल्टावर (मोटार टप्प्याने सुरू करणाऱ्या स्टार्टरवर) उठला की इंजिन दबायचं, मीटर ४७ च्या खाली जायचा, एव्हीआर (जनरेटरचं व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) व्होल्टेज उतरवायचा आणि पंख्यांचे कॉन्टॅक्टर (त्यांना वीज जोडणारे स्विच) तडतडून सुटायचे. आत माल आणि पंखे बंद, हे कुणाला परवडतं?

यात एव्हीआर बिघडलेला नव्हता. फ्रिक्वेन्सी फार खाली गेली की व्होल्टेज पाडून इंजिनावरचा भार हलका करायचा, यासाठीच त्यात तशी सोय असते. दिवे, हीटर यांचा भार व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. चालती मोटार मात्र तितकं सोडत नाही, उलट जास्त करंट ओढते. आमच्याकडे तर बहुतेक भार मोटारींचाच.

नवा गव्हर्नर बसवणाऱ्याने गेन (त्याच्या प्रतिसादाचा जोर) चढवला, पॅनलवर ५०.० दाखवलं आणि पैसे घेऊन गेला. दोन-तीन दिवसांत अर्ध्या लोडवर ट्यूब लुकलुकायला लागल्या, इंजिनाचा आवाज चढायचा-उतरायचा. डिझेल लाइनमध्ये हवा असेल म्हणून फिल्टर बदलले, पंप मारून हवा काढली. फरक शून्य.

मग अंबडचे एक जाणते इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी आधी सेट रिकामा चालवला : स्थिर. मग कॉम्प्रेसर बंद ठेवून फक्त कूलरचे डिफ्रॉस्ट (बर्फ वितळवणारे) हीटर लावले. लगेच व्होल्टमीटरचा काटा डुलायला लागला आणि त्याच्या मागोमाग फ्रिक्वेन्सीही. ते म्हणाले, "दादा, गव्हर्नर नुसता मागे पळतोय. व्होल्टेज हललं की हीटरचे किलोवॅट हलतात, आणि तो प्रत्येक वेळी डिझेल कमी-जास्त करतो. जुना मंद होता, त्याला हे कळायचंच नाही." आधी एव्हीआरचा स्टॅबिलिटी पॉट (त्याचं डुलणं शांत करायचा स्क्रू) हळूहळू फिरवून काटा शांत केला, मग गव्हर्नरचा गेन थोडा उतरवला, आणि शेवटी कॉम्प्रेसर उठवून पाहिला. स्क्रू ड्रायव्हरचं काम, पण क्रम महत्त्वाचा.

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त पटली. मोटार सुरू होताना करंट भरपूर ओढते, पण पॉवर फॅक्टर खालचा, म्हणजे त्यात खरं काम करणारा वाटा कमी, म्हणून पहिला दणका वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरला, म्हणजे एव्हीआरला. इंजिनाला खरे किलोवॅट जाणवतात ते मोटार वेग घेताना. एव्हीआर फार चपळ असला तर व्होल्टेज झटकन भरतं, मोटारीचा टॉर्क त्याच्या वर्गाने वाढतो आणि सगळा भार एकदम इंजिनावर येतो. टर्बोला (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या भागाला) हवा भरायला वेळ लागतो, तेवढ्यात डिझेल जास्त गेलं की काळा धूर. आमच्याकडे तो भपका अजूनही निघतो, पण पूर्वीइतका नाही.

आता कॉम्प्रेसर उठताना मीटर ४८.५ च्या आसपास जाऊन दोन-तीन सेकंदांत परततो. कॉन्टॅक्टर सुटत नाहीत. भर मार्चमध्ये लाइट जाऊनही माल एकदाही अडकला नाही, हे माझ्यासाठी पुरेसं.

कुरकुरी आहेत. डिझेल वाचतं म्हणून कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका; आमच्या नोंदवहीत तसं दिसलं नाही. जुना गव्हर्नर बॅटरीवाचून चालायचा. हा बॅटरी बसली की इंजिनच बंद करतो, त्यामुळे चार्जर आणि टर्मिनलवर लक्ष ठेवावं लागतं. फ्लायव्हीलजवळच्या पिकअपवर (वेग मोजणाऱ्या सेन्सरवर) लोखंडी कीस-तेलाचा थर बसतो, तो पुसायचा. आणि बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी स्वतःचा सगळ्यात मोठा कॉम्प्रेसर त्याच्यासमोर उठवून घ्या, सोबत हीटर लावूनही. रिकाम्या सेटवर ५०.० कुणीही दाखवतो.