ओव्हनचं थर्मोकपल घरी बदललं: किटचा आणि बोहरी आळीतल्या दुकानाचा अनुभव

ज्यांच्याकडे गॅसवरचा ओव्हन आहे आणि नॉब दाबून धरला की पेटतो, सोडला की विझतो असं होतंय, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण मी पाच आठवडे ह्याच त्रासात काढले आणि शेवटी साडेतीनशे रुपयांच्या पार्टमध्ये काम झालं.

आमची चार बर्नरची उभी कुकिंग रेंज आहे, खाली गॅसचा ओव्हन, अकरा वर्षं झाली घेऊन. सिलिंडरवर चालते. दिवाळीच्या तीन आठवडे आधी ओव्हनचा बर्नर टिकेनासा झाला. दहा सेकंद, पंधरा सेकंद, अर्धा मिनिट नॉब दाबून धरला तरी हात काढला की टक आवाज आणि ज्योत गुल. दिवाळीत माझ्याकडे नानखटाईच्या ऑर्डरी असतात, आणि ऑर्डरी सोडा, घरची नानखटाई ओव्हनमध्ये होणार नाही हेच मला सहन होईना. लहानपणी आई मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत घेऊन जायची आणि आम्ही भट्टीसमोर नंबर लावून बसायचो, त्या वासाची सवय लागलीय. त्या वर्षी शेवटी मीही पीठ मळून ट्रे घेऊन ओळखीच्या बेकरीत गेले, त्यांनी भाजून दिलं, पण दर वेळी कुणाच्या भट्टीवर अवलंबून राहणार!

आधी रेंजच्या कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला. माणूस आला, व्हिजिटचे साडेचारशे घेतले, नॉब दोनदा फिरवून बघितला, ओव्हनचा तळ उघडलासुद्धा नाही आणि सांगितलं की मॉडेल बंद झालंय, आख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागेल, चार हजार आठशे, तेही मिळाला तर. मग शेजारच्यांनी एक मेकॅनिक पाठवला. तो म्हणाला, "वहिनी, ही सेफ्टीच त्रास देतेय, काढून डायरेक्ट करून देतो, पाचशे द्या, परत कधी विझणार नाही." मी नको म्हटलं. इथे मला थांबून नीट सांगायचंय, कारण असं डायरेक्ट करून घेतलेले ओव्हन मी ओळखीच्या दोन घरांत बघितलेत.

तो ज्याला सेफ्टी म्हणत होता ते हेच थर्मोकपल. थर्मोकपल म्हणजे ज्योतीत टोक ठेवून बसवलेली धातूची छोटी काडी आणि तिच्या मागे बारीक तांब्याची लांब नळी. टोकात दोन वेगवेगळे धातू जोडलेले असतात, ते तापले की अगदी थोडी वीज तयार होते, साधारण 20 ते 30 मिलिव्होल्ट, म्हणजे आपल्या घड्याळातल्या पेन्सिल सेलचा पन्नासावा भाग किंवा त्याहून कमी. एवढ्याशा विजेवर नॉबच्या मागचं छोटं मॅग्नेट गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतं. मॅग्नेटमध्ये व्हॉल्व्ह ओढून उघडायची ताकद नसते, तो आपण नॉब दाबून हाताने उघडतो, मॅग्नेट फक्त धरून ठेवतं. ज्योत विझली, टोक गार झालं, वीज संपली की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. म्हणजे माझा ओव्हन विझत होता तो ही यंत्रणा गॅस सोडायला तयार नव्हती म्हणून. पार्ट बिघडला तरी गॅस बंद होण्याच्या बाजूनेच बिघडतो, इतका विचार करून कुणीतरी ते बनवलंय, आणि पाचशे रुपयांत ते काढून टाकायचं? शेगडीवर ज्योत विझली तर निदान समोर दिसतं. ओव्हनचं दार बंद असतं, आत मंद आचेवर ज्योत गेली तर केक कच्चा राहीपर्यंत कळणार नाही, तोपर्यंत गॅस येतच राहणार. एलपीजी हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, खाली फरशीवर साचतो. कुणी कितीही गॅरंटी दिली तरी हे डायरेक्ट करू देऊ नका, हात जोडून सांगते.

तर मग दुकान. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत शेगड्यांच्या स्पेअर पार्टचं एक छोटं दुकान आहे, समोर बर्नर आणि जाळ्या टांगलेल्या असतात, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही. गाडी तिकडे नेऊच नका, लांब लावून चालत जा. गल्ल्यावरच्या काकांनी पहिलाच प्रश्न केला, "ताई, जुना पार्ट आणलाय का?" नव्हता आणला, मोबाइलवर फोटो दाखवला. तर त्यांनी मला पार्ट विकला नाही! म्हणाले, "आधी टोक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, काजळी धरली असेल. मागे नॉबपाशी नट असतो तो सैल झालाय का बघा. टोक ज्योतीत येतंय ना तेही बघा. एवढ्याने झालं तर पैसे वाचले, नाही झालं तर या, पार्ट कुठे जात नाही." आलेल्या गिऱ्हाइकाला असं परत पाठवणारा दुकानदार मला बऱ्याच वर्षांनी भेटला, त्यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहायला बसले.

घरी येऊन ओव्हनचा तळाचा पत्रा काढला, दोन स्क्रू असतात, मागे सरकवून उचलला की खाली बर्नर दिसतो. टोक काळंकुट्ट होतं. घासलं, नट बघितला, ठीक होता. ओव्हन पेटला आणि टिकला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी परत तेच. मग भाचा आला, इंजिनीअरिंगला आहे, त्याच्याकडे मल्टीमीटर होता. थर्मोकपल सोडवून टोक शेगडीच्या ज्योतीत सांडशीने धरलं, मीटरची एक तार तांब्याच्या नळीला, दुसरी मागच्या शेवटच्या बिंदूला. मिनिटभर तापवूनही 4 मिलिव्होल्टच्या वर जाईना. म्हणजे काडीच संपली होती, व्हॉल्व्हची काही चूक नव्हती. हे साधं मोजमाप सर्व्हिसवाल्याने केलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, आणि हा राग माझा अजून गेलेला नाही.

आता किटबद्दल. युनिव्हर्सल थर्मोकपल म्हणून मिळतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नळी आणि सोबत वेगवेगळ्या मापाचे तीन-चार नट, जो आपल्या व्हॉल्व्हला बसेल तो वापरायचा. माझ्या रेंजला 8 मिलीमीटरचा बसला. लांबीत मी चुकले. अंदाजाने 90 सेंटिमीटरचं घेतलं, घरी येऊन बघते तर नळी ताणून न्यावी लागतेय, आणि ही नळी ताणायची किंवा काटकोनात मुडपायची अजिबात नाही, आतली तार तुटली की पार्ट गेला. मग जुन्या नळीच्या वाटेने सुतळी फिरवून मापली, 110 भरली. परत गेले, काकांनी एक शब्द न बोलता 120चं बदलून दिलं, वरचे पन्नास रुपये घेतले, एकूण साडेतीनशे. उरलेल्या लांबीची मोठी गोल गुंडाळी करून मागे मोकळी सोडलीय, बर्नरपासून लांब.

काम कसं केलं ते सांगते कारण पाकिटात माहितीचा कागदच नाही, ही किटची सगळ्यात मोठी उणीव. गॅसशी संबंधित वस्तू आहे, मराठीत चार ओळी छापायला काय जातं? असो. आधी वरचा एक बर्नर चालू ठेवून रेग्युलेटर बंद केला, नळीतला उरलेला गॅस जळून गेला, मग रेग्युलेटर सिलिंडरवरून काढून टोपी लावली. खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा विझवला, फ्रिज आणि लाइटची बटणं तेवढ्या वेळात कुणी लावायची-बंद करायची नाहीत असं घरात सांगून ठेवलं. वरच्या जाळ्या, बर्नर काढून वरचा पत्रा उचलला तेव्हा नॉबच्या मागे थर्मोकपलचा नट दिसला. जुना पान्याने सोडवला, काढताना नळी कुठून कशी गेलीय त्याचे फोटो काढत गेले (हे फार उपयोगी पडलं). नवीन घालताना नट बोटांनी घट्ट होईपर्यंत आणि नंतर पान्याने फक्त पाव फेरा. जास्त आवळलात तर मागचं टोक दबतं आणि नवीन पार्ट पहिल्याच दिवशी खराब होतो, हे काकांनी दोनदा बजावलं होतं. खाली बर्नरपाशी टोक असं बसवायचं की वरचा साधारण सेंटिमीटरभर भाग ज्योतीत राहील. इथे किटची दुसरी उणीव, टोक धरणाऱ्या पट्टीचं भोक थोडं मोठं होतं आणि पिशवीतली क्लिप सैल बसत होती, मला जुनीच क्लिप परत वापरावी लागली. जुनी क्लिप फेकू नका.

तळ उघडलाच होता म्हणून बर्नरची भोकं जुन्या टूथब्रशने साफ केली, मैद्याची पूड आणि कसलीतरी जाळी निघाली. जेटला, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीला, मात्र सुई घालू नका, ते भोक मिलीमीटरपेक्षाही बारीक असतं, सुईने मोठं झालं की ज्योत पिवळी आणि भांडी काळी.

सगळं जोडल्यावर सिलिंडर लावला आणि साबणाचा फेस ब्रशने सगळ्या जोडांवर लावला, बुडबुडे आले नाहीत. पेटती आगकाडी धरून गळती बघणारे लोक अजूनही आहेत, तसं करू नका. मग ओव्हनचं दार उघडं ठेवून नॉब दाबला, पेटवलं, पंधरा सेकंद मोजले आणि हात काढला. टिकला. मी तिथेच खाली बसून दहा मिनिटं ती निळी ज्योत बघत होते. नंतर खरी परीक्षा घेतली, ओव्हन चांगला तापल्यावर गॅस रेग्युलेटरवरून बंद केला, ज्योत विझली आणि मी सेकंद मोजायला लागले, बाविसाव्या सेकंदाला आतून टक आवाज आला, म्हणजे व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला. पार्ट बदलल्यावर ही टक ऐकल्याशिवाय ओव्हन वापरायला घेऊ नका. ज्योत टिकतेय एवढ्यावर समाधान मानू नका, विझल्यावर गॅस बंद होतोय ना हे जास्त महत्त्वाचं. आणि कधी पहिल्या प्रयत्नात पेटला नाही तर नॉब बंद करून दार उघडंच ठेवून दोन-तीन मिनिटं थांबा, लगेच परत ठिणगी देऊ नका.

हे सगळं वाचून प्रत्येकाने हत्यारं काढावीत असं माझं म्हणणं नाही. थर्मोकपलचा जोड गॅसचा नसतो, नळीतून गॅस जात नाही, फक्त वीज जाते, म्हणून मी हे घरी केलं. गॅसची लाइन, जेट, व्हॉल्व्ह सोडवायची वेळ आली असती तर माणूसच बोलावला असता. घरात पाइपचा गॅस असेल तर थर्मोकपलचं काम तसंच, पण त्यांचे जेट वेगळे असतात, सिलिंडरवरून पाइपवर गेल्यावर ओव्हनचा जेट बदलायचा राहून गेलाय का ते आधी विचारून घ्या, आमच्या मावशीकडे वरचे चारही बदलले होते आणि ओव्हनचा राहिला होता, ती वर्षभर म्हणत होती की ओव्हन तापतच नाही. आणि काहीही करताना वास यायला लागला तर काम तिथेच सोडा, सिलिंडर बंद करा, बाहेर जा, 1906 वर फोन करा, तो नंबर गॅस गळतीसाठीच आहे. मी ह्या निमित्ताने केशरी रबरी नळीही बदलली, तिच्यावरची पाच वर्षांची मुदत संपून आठ महिने झाले होते आणि माझं लक्षच नव्हतं.

किटला पाचपैकी साडेतीन, कागद नाही आणि क्लिप सैल म्हणून. काम मात्र चोख, भाच्याने नवीन काडी बसवायच्या आधी मोजली होती तेव्हा 27 मिलिव्होल्ट दाखवले. दुकानाला पाच. सात महिने झाले, आठवड्यातून दोन-तीनदा ओव्हन चालतो, एकदाही विझला नाही. गेल्या महिन्यात मी नानखटाईचा डबा घेऊन दुकानात गेले. काकांनी एक तोंडात टाकली, दुसरी आतल्या पोऱ्याला दिली आणि विचारलं, "नट जास्त आवळला नव्हतात ना?"